तांदळातला पांढरा खडा

मॅमोग्राफीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आमच्याकडे हापूसच्या पेट्या भरणं चालू होतं. ‘गाठ आढळली नाही’ एवढं वाचलं आणि कागद कपाटात ठेवून दिला. त्याखाली आणखी एक ओळ होती : स्तनांची घनता ‘सी’, सोनोग्राफी करून घ्यावी. हंगाम संपला, पाऊस लागला, मग गणपती आले. रत्नागिरीत कामाला कधी तोटा असतो? वर्षभराने आंघोळ करताना बोटाला काहीतरी टणक लागलं. सोनोग्राफीत गाठ दिसली, सुईने तुकडा काढून तपासला आणि कर्करोग निघाला.

डॉक्टर बाईंनी तेव्हा समजावलं. घन स्तनांत चरबी कमी, ग्रंथी आणि तंतू जास्त. मॅमोग्राफीत चरबी काळसर दिसते, ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच. तांदूळ निवडताना पांढरा खडा नजरेतून सुटतो, तसंच हे. घनतेचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार. सी आणि डी म्हणजे घन. हा आजार नव्हे, पुष्कळ बायकांत असतो. पण कर्करोगाचा धोका त्याने थोडा वाढतो. हाताला घनता कळत नाही.

अमेरिकेतल्या नॅन्सी कॅपेलो नियमित मॅमोग्राफी करून घ्यायच्या, तरी २००४मध्ये त्यांचा कर्करोग पुढच्या टप्प्यात सापडला. घनतेबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या धडपडीमुळे २००९मध्ये कनेक्टिकट राज्यात घनता कळवण्याचा कायदा झाला. सप्टेंबर २०२४पासून अमेरिकाभर ते बंधनकारक आहे. मला तर लिहून दिलं होतं. मीच वाचलं नाही.

म्हणून सांगते. रिपोर्ट घेताना घनतेचं अक्षर विचारा. सी किंवा डी असेल तर पुढे कोणती तपासणी, कधी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. एमआरआय लागेल का, विचारा. सोनोग्राफी केली म्हणून मॅमोग्राफी सोडू नका. कधीकधी कर्करोगाची खूण ठरणारे चुन्याचे (कॅल्शियमचे) बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात. सोनोग्राफीत कधी निरुपद्रवी गाठीही दिसतात, त्यामुळे लगेच धीर सोडू नका. जुन्या फिल्म जपा, दरवेळी सोबत न्या. मधल्या काळात गाठ, खळगा किंवा स्राव दिसला, तर ‘आत्ताच तर तपासलं’ म्हणून थांबू नका.

आणि आज एवढं करा : कपाटातला जुना रिपोर्ट काढा नि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.