चरकाच्या चलनाबद्दल

राधानगरी, रविवार

चि. अनिकेत,

काल बाजारात तुमच्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, नव्या चरकाच्या लाटेला चीर निघालीय आणि भाचा वेल्डिंगवाला शोधत फिरतोय. चीर निघते रे, लोखंड आहे. पण विकणाऱ्याला तू अजून एका शब्दानं कळवलं नाहीस? ताईलाही नाही?

चलनावर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' म्हणून सही केलीस, त्यामुळं तोंड बंद झालं असं तुला वाटत असणार. तसं नसतं, लेका. १९३० च्या मालविक्री कायद्यात ४१ वं कलम आहे. आधी न पाहिलेला माल तपासायला रास्त संधी मिळेपर्यंत तो पत्करला असं धरत नाहीत. तू तर गाडीतनं उतरवताना सही केलीस, ताडपत्रीही न सोडता.

भीती पुढच्या कलमाची आहे. नाकारतो असं न कळवता माल रास्त मुदतीपलीकडं ठेवून घेतला, तरी तो पत्करल्यातच जमा. किती दिवस, ते कायदा सांगत नाही. प्रसंग बघून ठरतं. करार ठरवताना 'उत्तर आलं नाही तर होकार समजू' असं कुणी लिहिलं, तरी गप्प बसणारा त्यानं बांधला जात नाही. पण इथं माल तुझ्या गुऱ्हाळात उभा आहे. इथं गप्प बसणं महागात पडतं. एकदा पत्करलास की परत करायचा हक्क गेला, नुसती भरपाई मागत बसायचं. आणि वेल्डिंग केलंस तर विकणारा म्हणणार, आपला समजूनच हात लावला.

तेव्हा चरकाला ऊस दाखवू नकोस. आजच फोटो काढून विकणाऱ्याला 'माल नाकारतो' असं व्हॉट्सॲपवर लिही, उद्या तेच स्पीड पोस्टानं. चरक परत पोचवायची जबाबदारी तुझी नाही. वेगळं ठरलं नसेल तर नाकारल्याचं कळवणं पुरतं. पण कळव रे बाबा.

शहाजी लॉ कॉलेजात माझं पहिलं वर्ष झालं आणि अण्णा अंथरुणाला खिळले. राहिलं ते राहिलंच. वकील झालो असतो तर आधी माझ्याकडं आला असतास का, हे काल रात्री डोक्यात घोळत होतं.

रागानं लिहिलंय, मनाला लावून घेऊ नकोस. कर्ज काढून चरक घेतलास, म्हणून सांगायची लाज वाटली असेल. माझ्याशी कसली लाज? बुधवारी सकाळच्या एसटीनं येतो. ताईला मी सांगतो, तू बोलू नकोस. मामी तुझ्यासाठी खर्डा कुटतेय. वाळलायस म्हणे फार.

तुझा,
मामा