सरांची खोकी उघडण्याआधी

सरांच्या घरची खोकी विभागात आली आणि ती लावायचं काम तुझ्याकडे आलं, हे बरं झालं. पीएचडीची घाई असलेला माणूस कागद लावत नाही, आपल्याला हवं तेवढं उपसून घेतो. तू आधी काहीच उपसू नकोस. खोकं ज्या क्रमानं भरलंय त्याच क्रमानं रिकामं कर आणि प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीनं नंबर घाल. शाईचं पेन त्या टेबलाजवळसुद्धा आणायचं नाही. मजुरीच्या तक्त्याला लागून संपाच्या सभेचं पत्रक ठेवलेलं दिसलं, तर सरांनी ते काही विचारानंच तिथं ठेवलंय असं धरून चाल. तू ते उचलून 'पत्रके' अशा वेगळ्या फायलीत घातलंस, की तो धागा तुटला. गंजलेल्या टाचण्या काढ, वितळलेले रबरबँड काढ. चिकटपट्टी लावायची नाही, आणि लॅमिनेशनचं तर नावच काढू नकोस. फॅक्सचे गुळगुळीत कागद सापडले तर ते सगळ्यात आधी स्कॅन कर, त्यांच्यावरची अक्षरं उडतात.

हे झालं हमालीचं. खरी मेख पुढे आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांवर काम केलेल्या माणसाकडे 'लेबर गॅझेट' असणारच. मुंबई सरकारनं १९२१ साली लेबर ऑफिस काढलं, त्याच वर्षी हे गॅझेट सुरू झालं. त्याआधीचे आकडे शोधायला गेलीस, तर गिरणीमालक संघाचे अहवाल आणि फॅक्टरी कमिशनांपुढच्या साक्षी यांवरच भिस्त ठेवावी लागते. तिथं आकड्याआधी बोलणाऱ्याचं नाव वाचायचं. कोणताही तक्ता हातात आला की पगार रोजाचा आहे का महिन्याचा, हजेरीवर आहे का काढलेल्या मालावर, हे बघ. साचेखात्यातल्या, म्हणजे मागावर विणणाऱ्या, माणसाला मालाच्या मापानं पैसे मिळत, त्यामुळे सूत तुटकं आलं की त्याचा पगार पडायचा. आणि बदली कामगार त्या सरासरीत धरलेत का, तेही बघ. रोज सकाळी फाटकावर उभं राहून महिन्यातले निम्मेच दिवस काम मिळालेला माणूस सरासरीत कुठं जातो, हे विचारल्याशिवाय तक्ता उतरवून घ्यायचा नाही.

आता निर्देशांकाचं, आणि इथं जरा सावकाश ऐक. मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा जुना निर्देशांक जुलै १९१४ म्हणजे १०० असं धरून काढलेला आहे. पुढची मालिका जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पायाला धरते. नवी पोरं दोन्ही जोडून संगणकावर एक छान रेघ ओढतात. ओढू नये. पाया बदलला की कुटुंबाच्या खर्चाच्या पाहणीतून आलेली वजनं बदलतात, वस्तू बदलतात. दुसऱ्या महायुद्धापासून गिरण्यांतला महागाई भत्ता या आकड्याला बांधला गेला, म्हणजे निर्देशांक एका अंकानं कमी धरला तरी तेवढे पैसे लाखो पगारांतून गेले. बाजारात भाव चढताहेत आणि निर्देशांकात ते पुरते उमटत नाहीत, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. १९६३ साली ती मुंबईत इतकी पेटली, की महाराष्ट्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमावी लागली. तिचे प्रमुख होते मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला. निर्देशांक खरोखरच कमी दाखवला जात होता, असा समितीचा निष्कर्ष निघाला. फाटकावरच्या सभेत जे बोललं जात होतं ते गणितानं खरं ठरलं. म्हणून सरांच्या खोक्यात आकडेमोडीचे चुरगळलेले कच्चे कागद निघाले, कुठल्या दुकानातला भाव कुठल्या महिन्यात घेतला असली टिपणं निघाली, तर रद्दीत घालू नकोस. छापील निबंध कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. भांडण ज्यावर झालं, ते या कच्च्या कागदांवरच आहे.

संघटनेचे कागद संघटनेकडेच असतील, असं समजू नकोस. १९२८ चा मोठा संप घे. एका विणकरानं दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, या आणि अशाच सक्तीविरुद्ध गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्या मार्चमध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कट खटल्याच्या धरपकडीत युनियनचे पुढारी गेले, आणि पोलिसांनी जप्त केलेले कागद खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाले. म्हणजे युनियनच्या बैठकीत काय बोलणं झालं, हे वाचायला सरकार पक्षाचे दस्तऐवज उघडावे लागतात. नशिबाची थट्टाच म्हणायची, पण जप्ती झाली म्हणून त्यातले पुष्कळ कागद टिकले. संपाबद्दल मालकांची बाजू, युनियनची बाजू आणि सरकारची बाजू हवी असेल, तर त्या संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढचं कामकाज आधी वाच. सरांनी त्यातून उतारे काढले असतील, तर काय वगळलं तेही ताडून बघ. सर मोठे होते, पण त्यांचाही एक पक्ष होता.

करार हाती लागला, तर पहिलं पान सोडून शेवटच्या पानावरची सही बघायची. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यानं वाटाघाटीचा हक्क प्रातिनिधिक संघटनेला दिला, आणि मुंबईच्या गिरण्यांत ती संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही सहीचा हक्क संघाकडेच होता. नुसते करार वाचून इतिहास लिहिलास, तर सामंत त्यात दिसणारसुद्धा नाहीत.

हजेरीपटावर नसलेल्या बायकांसाठी निराळं रजिस्टर ठेव. वाइंडिंग-रीलिंगमधल्या बायका निदान तक्त्यात सापडतील. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या आणि संपात उधारी चालवणाऱ्या खानावळवाल्या कुठल्याच मजुरीच्या कोष्टकात नाहीत. सरांच्या मुलाखतींच्या वह्यांत समासात कुठं त्यांचा उल्लेख आला, तर पान क्रमांकासकट टिपून ठेव.

खोक्यांतल्या कागदांची यादी करताना संपाच्या रकान्यात सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा मागतील. ८२ च्या संपासमोर दुसरी तारीख घालू नकोस, तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आणि यादी पक्की करण्याआधी लालबाग-परळला जाऊन एखाद्या जुन्या साचेवाल्याला ती वाचून दाखव. खात्यांची आणि हत्यारांची नावं त्याच्याकडूनच दुरुस्त करून घे.