मत आणि मन



इसवी सन २०२४ या एकाच वर्षात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने दोन मोठ्या निवडणुका पाहिल्या. लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले, विधानसभेचे २० नोव्हेंबर रोजी. कार्तिकी एकादशी होती १२ नोव्हेंबरला. म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पायांना लागलेले हात आठ दिवसांच्या आतच एकमेकांकडे बोटे दाखवू लागले!

त्याला कारणही तसेच होते. जून २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली आणि ती चीर आमच्या कोकणात थेट माजघरापर्यंत गेली. कुडाळ-मालवणात धनुष्यबाण आणि मशाल समोरासमोर उभे राहिले. कालपर्यंत एका निशाणीखाली राबलेले भाऊ गणपतीच्या आरतीलाही वेगवेगळे उभे राहू लागले.

दुसऱ्यांचे दोष सांगण्याआधी माझा सांगतो. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. पुढे थोड्याच दिवसांत मालवणनजीकच्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. उभा राहण्यापूर्वी एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "बुवानू, तुमी आमचे काय तेंचे?" मी म्हटले, "बाबा रे, मी हरीचा." उत्तर चांगले दिले, पण निभावले नाही. उत्तररंगात रावणाची सभा रंगात आली आणि पडलेल्या पक्षावर माझ्या तोंडून एक कोटी निघून गेली. अर्धा मांडव हसला. उरलेल्या अर्ध्यातून एका वृद्ध टाळकऱ्याने टाळ खाली ठेवले आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाडीचा प्रहर होता. कोणी आले नाही. सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही, हे आपण जाणताच. आदल्या प्रहराची मंडळी तीन तास अधिक उभी राहिली. वीणेकऱ्याचे पाय थरथरत होते आणि दोष माझ्या जिभेचा होता. संध्याकाळी मी त्या टाळकऱ्यांच्या घरी गेलो व पायांवर डोके ठेवले. ते एवढेच म्हणाले, "इलेक्शन हरलव ता जावंदे. पण देवाच्या मांडवात आमच्यार लोकांका कित्याक हसवलात?" मला उत्तर सुचले नाही. साठी उलटली, शास्त्र शिकलो, तरी हा धडा त्या ओटीवर बसून घ्यावा लागला.

आता शब्दाचा विचार करू. संस्कृतात 'मन्' धातूला 'क्त' प्रत्यय लागून 'मत' होते. त्याचा अर्थ मानलेले. त्याच धातूपासून 'मनस्', म्हणजे आपले मन. मन हे मानणारे, मत हे त्याने मानलेले. कुंभाराने मडके घडवले म्हणून कुंभार मडक्यात जाऊन बसत नाही. आपण मात्र एका दिवशी यंत्राचे बटण दाबतो आणि पाच वर्षे मनाला त्या बटणाखाली कोंडून ठेवतो. मत बदलता येते, पुढच्या खेपेस दुसऱ्याला देता येते. म्हणून तर निवडणूक पुन्हा पुन्हा येते. मन तुटले तर ते कोणता आयोग जोडून देणार?

तसेच 'बहुमत' हा शब्द पाहा. बहूंचे मत ते बहुमत. ते सर्वांचे मत नव्हे. जिंकलेल्याने हे ध्यानात ठेवावे, म्हणजे माज येत नाही. आणि निवडून आलेला प्रतिनिधी साऱ्या मतदारसंघाचा असतो, त्याला मत न दिलेल्यांचाही. हरलेल्याने हे ध्यानात ठेवावे, म्हणजे तो आपल्याच गावात परका होत नाही.

कोणी म्हणेल, "बुवा, मग मतभेदच नसावेत काय?" तसे नव्हे. दिंडीत पताका अनेक असतात, पण वाट पंढरीचीच असते. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. मधू दंडवते राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. कोकणात रेल्वे यावी यासाठी त्यांनी ध्यास घेतला. १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले. १९९१ मध्ये दंडवते निवडणूक हरले, दिल्लीत दुसऱ्या पक्षाचे सरकार आले. पण हरलेल्याचे स्वप्न म्हणून काम कोणी टाकून दिले नाही. त्यानंतरही सरकारे बदलत राहिली, बोगदे आणि पूल मात्र पुढे सरकत राहिले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या चार राज्यांनी पैसा घातला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला. आज आमचा मुंबईचा चाकरमानी कुडाळला किंवा कणकवलीला उतरतो, तेव्हा हा रूळ कोणत्या पक्षाचा, असे तो विचारतो काय? देशभक्ती म्हणतात ती ही. घोषणेने घसा बसतो. देश उभा राहतो तो एकाने आरंभलेले चांगले काम दुसऱ्याने तडीस नेल्याने.

यासाठी वारकऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. दिंडीत व सप्ताहात पक्षाचे निशाण आणू नये. कीर्तनकाराने तर जिभेवरही आणू नये. निकालानंतर जिंकलेल्याने आधी हरलेल्याच्या दारी जावे, कारण वाकणे त्याला सोपे असते. आणि रस्ता, पाणी, शाळा मागताना दोन्ही बाजूंनी मिळून मागावे.

मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर, शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूकडे खारे पाणी, आणि तटाच्या आत तीन गोड्या विहिरी. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मला तर हा आपल्या काल्याचाच जिन्नस वाटतो! निवडणुकीचा समुद्र खारट असायचाच. गावाच्या आतली बाव मात्र खारी होऊ देऊ नये.

त्या सप्ताहाच्या शेवटी काला झाला. दोन्ही वाड्यांच्या शिदोऱ्या एका परातीत कालवल्या गेल्या. ते वृद्ध टाळकरी आले होते. त्यांनी पहिला घास माझ्या मुखी घातला. त्या घासात कोणाचे पोहे आणि कोणाचे दही, हे मला ओळखता आले नाही.

असो. लेखनसीमा. रामकृष्णहरि.