पडवी बांधा, पण पाया राखा

घराच्या बाजूला पडवी असली, की फार सोय होते. पावसात धुणे वाळते. लाकूडफाटा कोरडा राहतो. आला-गेला माणूस घटकाभर टेकतो. पूर्वी पडवीची जमीन मातीची असे. बायामाणसे ती शेणाने सारवत. आता आपल्या कुळगावात सिमेंटचा कोबा करतात. कोबा टिकतो, हे खरे. पण तो घराच्या पायाला लागून येतो. म्हणून तो घालण्याआधी विचार करावा.

कसला विचार? पाण्याचा.

आपल्याकडे पाऊस काही थोडाथोडका नाही. उल्हास नदी जवळच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात तिचे पाणी बदलापुरात घराघरांत शिरले. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुरात अडकली. गाडीत सुमारे एक हजार उतारू होते. त्यांना सुखरूप बाहेर काढले. असा महापूर पडवीने अडत नाही. पण रोजच्या पावसाचे पाणी पायाकडे न्यायचे, की पायापासून दूर, हे आपल्या हातात आहे.

पायाशी पाणी मुरले, तर काय होते? माती फुगते. उन्हाळ्यात तीच माती आकसते. काळ्या मातीत हे फार होते. मग पाया हलतो, भिंतीला तडे जातात. ओल वर चढते. चार पैसे वाचवायला जावे आणि घरच धोक्यात यावे, असे होऊ नये. म्हणून पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१. उंची. पडवी घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली ठेवा. दोन्ही एका पातळीत असली, तर झडीचे पाणी थेट घरात येते.

२. भराव. पाया बांधून झाला, की खणलेली माती परत लोटतात. ती भिंतीजवळ भुसभुशीत राहते. तिच्यावरच कोबा घातला, तर तो भिंतीकडे खचतो. मग सारे पाणी पायाकडे वळते! म्हणून भुसभुशीत माती काढा. मुरूम भरा. सहा-सहा इंचांचा थर द्या, पाणी शिंपडा आणि धुम्मस मारा.

३. ढाळ. दर फुटाला पाव इंच ढाळ बाहेरच्या अंगाला द्या. पडवी ८ फूट रुंद असेल, तर भिंतीकडची कड २ इंच उंच हवी. मोजायचे कसे? पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीला राहते. तिथे खुणा करा आणि खाली मोजा.

४. सांधा. कोबा भिंतीला चिकटवू नका. मध्ये अर्धा इंच फट ठेवा. फटीत डांबरी पट्टी बसवा, वरून डांबर भरा. म्हणजे कोबा हलला तरी भिंतीला ओढत नाही आणि पाणीही आत जात नाही.

५. छप्पर. खांब नुसत्या कोब्यावर उभे करू नका. त्यांना वेगळे खड्डे घ्या, कठीण मुरूम लागेपर्यंत. पण घराच्या पायाला लागून खणू नका. छपराचा उतार बाहेर ठेवा. पागोळ्या कोब्याच्या कडेपलीकडे पडू द्या. पन्हळ लावली, तर उत्तमच. मात्र तिचे पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडू नका.

आता हिशेब करू. पडवी १० फूट लांब, ८ फूट रुंद. कोबा ४ इंच जाड. म्हणजे सुमारे २७ घनफूट काँक्रीट. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी घ्या. सिमेंटची ५० किलोची सुमारे ५ पोती लागतील. वाळू साडेबारा घनफूट आणि खडी २५ घनफूट लागेल. पाणी बेतानेच घाला. माल पातळ केला, तर काम सोपे जाते, पण कोबा कच्चा राहतो. लांबीच्या मध्यावर एक आडवा सांधा ठेवा. नंतर दहा दिवस कोबा सतत ओला ठेवा.

आणि हो, काम काढण्यापूर्वी नगरपरिषदेत परवानगीची चौकशी करा. गावात राहत असाल, तर ग्रामपंचायतीत विचारा. बांधलेले पाडावे लागले, तर दुप्पट नुकसान.

गवंडी कुशल असतो. पण घर आपले आहे. कोबा ओतण्याआधी त्याला एवढेच विचारा, “मिस्त्री, पाणी कुठे जाणार?” त्याने हात घराच्या उलट्या दिशेला दाखवला, तरच माल कालवू द्या.

प्रश्न
१. पडवी जोत्यापेक्षा खाली का हवी?
२. पायाजवळची माती भुसभुशीत का असते?
३. पडवी १२ फूट रुंद असेल, तर ढाळ किती इंच द्याल?
४. पाऊस पडत असताना आपल्या घराभोवती फिरा. पाणी कुठे साचते, ते वहीत लिहा.