जिंकलेले विमान आणि हरलेले विमान

(पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. मधल्या एकवीस वर्षांत लढाऊ विमानाचे रूप पार बदलून गेले. हा बदल कसा झाला, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

आपले हसनाबाद गाव आज जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी इथल्या माणसांनी विमान क्वचितच पाहिले असेल. पण दूर इंग्लंडमध्ये विमानांच्या काही तुकड्यांना ‘हैदराबाद’ हे नाव होते. हे कसे घडले?

पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाईदलाला विमानांसाठी देणगी दिली. त्या पैशांतून ११० क्रमांकाच्या तुकडीला ‘डी. एच. ९ ए’ जातीची विमाने मिळाली. १९१८ च्या ऑगस्टअखेर ही तुकडी फ्रान्समध्ये दाखल झाली. तिच्या प्रत्येक विमानावर निजामांच्या देणगीचा उल्लेख होता. दुसऱ्या महायुद्धात १५२ क्रमांकाच्या लढाऊ तुकडीलाही निजामांच्या देणगीमुळे ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. तिच्या मानचिन्हावर निजामांचे शिरोभूषण होते.

पहिल्या तुकडीची विमाने लाकडी सांगाड्याची व कापडाने मढवलेली होती. त्यांना एकावर एक असे पंखांचे दोन मजले होते. अशा विमानाला द्विपंखी विमान म्हणतात. पंखांचे दोन मजले कशासाठी? याचे उत्तर आपल्या घरातल्या बाजेत सापडेल. बाजेची चौकट नुसती ठेवली तर डुगडुगते. पण सुतळी ताणून बांधली की तीच चौकट माणसांचे वजन पेलते. त्याचप्रमाणे दोन पातळ, हलके पंख उभ्या दांड्यांनी जोडून त्यांमध्ये तिरप्या तारा ताणल्या, की ते मजबूत होत. पंखांचा पसाराही मोठा मिळे. त्यामुळे विमान कमी वेगातही हवेत तरंगे आणि लहानशा मैदानावर उतरू शके.

परंतु या रचनेत एक दोष होता. प्रत्येक दांडा आणि प्रत्येक तार वाऱ्याला अडवत असे. सायकलवरून जोरात जाताना वारा तोंडावर कसा आदळतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. विमानाचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून इंजिन कितीही मोठे बसवले, तरी त्याची बरीचशी शक्ती तारा आणि दांडे ओढण्यातच खर्च होई.

१९३१ साली ब्रिटिश सरकारने नव्या लढाऊ विमानासाठी कारखान्यांकडून आराखडे मागवले. विमानाचा वेग ताशी ४०० किलोमीटर असावा, त्यावर चार मशीनगन असाव्यात आणि ते रात्रीही सावकाश उतरवता यावे, अशा अटी होत्या. जास्तीत जास्त वेग आणि उतरताना कमीत कमी वेग, या दोन्ही गोष्टी एकाच विमानात साधणे अतिशय कठीण होते. अनेक कारखान्यांनी प्रयोग केले. काहींनी वाफेच्या साहाय्याने थंड होणारे एक नवे इंजिन वापरले. पण ते फार त्रासदायक ठरले.

सुपरमरीन कारखान्याचे रचनाकार आर. जे. मिचेल यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पंखांचा एकच मजला असलेले विमान तयार केले. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते उडाले. पण त्याचे पंख जाड होते, चाके खाली लोंबकळत राहत आणि वाफेचे इंजिन सारखे तापे. मागितलेला वेग त्याला गाठता आला नाही. हे विमान नापास झाले.

ग्लॉस्टर कारखान्याचे रचनाकार एच. पी. फॉलंड यांनी जुनी वाट सोडली नाही. त्यांनी आपल्याच द्विपंखी विमानात एकेक सुधारणा केली. पंखांमधील दांड्यांच्या जोड्या कमी केल्या. चाकांचे आधार साधे केले. इंजिन अधिक शक्तीचे, पण भरवशाचे बसवले. १२ सप्टेंबर १९३४ रोजी हे प्रायोगिक विमान उडाले. त्याने ताशी सुमारे ३८० किलोमीटर वेग गाठला. पुढे इंजिन बदलून वेग आणखी वाढवण्यात आला. जुलै १९३५ मध्ये सरकारने अशी २३ विमाने मागवली आणि त्यांना ‘ग्लॅडिएटर’ हे नाव मिळाले. वैमानिकाच्या डोक्यावर सरकते छत असलेले हे विमान ताशी सुमारे ४०५ किलोमीटर वेगाने जाई. फॉलंड जिंकले होते.

मिचेल मात्र खचले नाहीत. १९३३ सालीच त्यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. तरी त्यांनी आपल्या नापास विमानातील दोष एकेक करून शोधले. नव्या विमानाचे पंख त्यांनी पातळ केले, चाके पंखांत दुमडून ठेवली, धातूचे गुळगुळीत अंग बनवले आणि नवे, जोरदार इंजिन घेतले. ५ मार्च १९३६ रोजी हे विमान उडाले. त्याचे नाव ‘स्पिटफायर’. त्याचा वेग ताशी सुमारे ५७० किलोमीटर झाला. ११ जून १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी मिचेल वारले. आपले विमान हवाईदलात दाखल झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

फॉलंड यांनी काही कमी केले होते का? नाही. ग्लॅडिएटर हे उत्कृष्ट द्विपंखी विमान होते. पण द्विपंखी रचनेतून मिळण्यासारखे जवळजवळ सर्व काही मिळून चुकले होते. त्याची किंमत वैमानिकांना मोजावी लागली. एप्रिल १९४० मध्ये १८ ग्लॅडिएटर विमाने नॉर्वेतील एका गोठलेल्या सरोवरावर उतरली. थंडीमुळे सकाळी इंजिने सुरू होईनात. वरून जर्मन विमानांनी बाँब टाकले. वैमानिक शौर्याने लढले. पण दोन-तीन दिवसांत बहुतेक सर्व विमाने निकामी झाली.

आता पुन्हा १५२ क्रमांकाच्या तुकडीकडे वळू. ऑक्टोबर १९३९ मध्ये ती नव्याने उभी राहिली, तेव्हा तिला ग्लॅडिएटर विमाने मिळाली. काही महिन्यांतच, १९४० च्या प्रारंभी, ती बदलून तिला स्पिटफायर देण्यात आली. त्याच वर्षी या विमानांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचे रक्षण केले. स्पर्धेत जिंकलेले विमान आणि हरलेल्या विमानातून जन्मलेले विमान, अशी दोन्ही विमाने या एकाच तुकडीने चालवली.

जुन्या रीतीत सुधारणा करणे चांगलेच असते. पण ती रीत कोठे संपते, हेही ओळखावे लागते. परीक्षेत एकदा नापास झालेली कल्पना चुकीचीच असते, असे नाही. कधी कधी ती फक्त अपुरी असते.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश, इलाका
देणगी – दान, अतिया
मानचिन्ह – तुकडीची खूण, निशाण
शिरोभूषण – डोक्यावरील मानाचा पेहराव, दस्तार
बाज – चारपाई
प्रायोगिक – प्रयोगासाठी केलेले
खचणे – हिंमत हारणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) द्विपंखी विमान कशाला म्हणतात?
(आ) मिचेल यांचे पहिले विमान नापास का झाले?
२. बाजेच्या उदाहरणावरून लेखकाने काय समजावून सांगितले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘नापास झालेली कल्पना कधी कधी फक्त अपुरी असते.’ या वाक्यावर पाच-सहा ओळी लिहा.