स्टिकर नको, नंबर वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की आमच्या तालुक्याच्या गावात लॅपटॉपच्या दुकानांवर गर्दी होते. मी इथल्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवतो. नवा लॅपटॉप घेतला की बरेच पालक तो मला दाखवायला आणतात. घेण्याआधी विचारायला येणारे मात्र फार थोडे. पैसे गेल्यावर मी फक्त काय घेतलंय तेवढं सांगू शकतो, आणि ते सांगताना समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहणं फार जड जातं. म्हणून हे लिहितोय.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील एसटीत कंडक्टर. पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी तिला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप घेऊन दिला. ‘सर, आय सेव्हन आहे, सगळ्यात वरचा,’ असं त्यांनी मला मोठ्या समाधानानं सांगितलं. कीबोर्डशेजारी तसं स्टिकरही होतं. पहिलं सत्र सुरळीत गेलं, कारण वर्ड, पीडीएफ आणि व्हिडिओ यांपलीकडे काम नव्हतं. पुढे मोबाइल ॲपच्या प्रॅक्टिकलसाठी अँड्रॉइड स्टुडिओ टाकलं आणि गाडी अडली. एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, सुरू केला की पंखा घरघरायला लागायचा, माउसचा बाण जागीच थिजायचा आणि प्रॅक्टिकलचा तास संपला तरी ॲप उघडलेलं नसायचं. तिला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडे आय फाइव्ह होता, तोही जुनाच, रॅम तेवढीच. त्याचं काम होत होतं.

दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून आम्ही टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की तो उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की वर उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. तिच्या पडद्यावर होतं आय सेव्हन ७५०० यू, खाली कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, २. त्याच्या पडद्यावर आय फाइव्ह ८२५० यू, कोअर ४. पहिला २०१६ सालचा, दुसरा २०१७ चा. एका वर्षाच्या अंतरात इंटेलनं या वर्गातल्या लॅपटॉप प्रोसेसरचे कोअर दुप्पट केले होते आणि धाकट्या नावाचा प्रोसेसर थोरल्याच्या पुढे निघून गेला होता. मुलीचे वडील दुकानात गेले, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, ‘आय सेव्हन मागितला, आय सेव्हन दिला.’ ते शब्दशः खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना पुढे बोलता येईना.

तिच्या बाबतीत दुसरा घोळ विंडोजचा निघाला. ‘विंडोज इलेव्हन टाकून दिलंय,’ असं दुकानात सांगितलं होतं आणि पडद्यावर तसं दिसतही होतं. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे प्रोसेसर लागतात. तिचा ७५०० यू सातव्या पिढीचा, आणि त्या पिढीला एखाददुसरा अपवाद सोडला तर जागा नाही. अट चुकवून ते टाकता येतं, पण अशा यंत्राला अपडेट देण्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. मागे यावं तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी ही एक रेषा मनात पक्की ठेवावी: इंटेलची आठवी पिढी. त्याआधीच्या पिढीचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी मुलांच्या अभ्यासासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे स्टिकर एवढं प्रबळ झालं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेसर हा यंत्राच्या पोटात असणारा भाग, गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. १९९१ मध्ये इंटेलनं ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू केली. ती खूण जाहिरातीत लावणाऱ्या संगणक कंपन्यांच्या जाहिरातखर्चातला वाटा इंटेल उचलू लागली. तोवर प्रोसेसर ३८६, ४८६ अशा आकड्यांनी ओळखले जात, पण नुसत्या आकड्यांवर ट्रेडमार्कचा हक्क मिळेना. मग १९९३ मध्ये ‘पेंटियम’ आलं. तिथून लोक यंत्र मागायचे थांबले आणि नाव मागायला लागले. आमच्याकडेही घराघरांत ‘पेंटियम घेतलाय’ असंच सांगायचे.

बियाण्याच्या पिशवीवर कंपनीचं नाव कितीही ठळक असो, शेतकरी पिशवी उलटून लेबल वाचतो: वाण कोणतं, लॉट कोणता, उगवण किती टक्के, मुदत कधीपर्यंत. लॅपटॉपच्या बाबतीत ते लेबल म्हणजे प्रोसेसरचा पूर्ण नंबर.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही त्या त्या पिढीतली पायरी, आणि पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. ७५०० मधला ७ म्हणजे सातवी, ८२५० मधला ८ म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहायचे, म्हणजे १२३५ यू हा बाराव्या पिढीचा. शेवटचं अक्षरही महत्त्वाचं. यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जड कामाचा. दुकानात हल्ली ‘दहा कोअर’ असं ठासून सांगतात, तिथेही सावध राहा. आय फाइव्ह १२३५ यू मध्ये कोअर दहा, पण त्यातले मोठे दोनच, बाकीचे आठ छोटे. आय फाइव्ह १२४५० एच मध्ये कोअर आठ, पण चार मोठे. कॅड किंवा व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामाला हा आठवाला जास्त उपयोगी पडतो.

एएमडीच्या रायझनमध्ये २०२३ च्या मालिकेपासून जी पद्धत आली, ती तर सामान्य माणसाला कळणं कठीणच. रायझन फाइव्ह ७५२० यू आणि रायझन फाइव्ह ७५३० यू यांत फरक एकाच आकड्याचा. पहिला ७ हा वर्ष सांगतो, मात्र आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन टू, २०१९ साली आलेली रचना, कोअर चार. ७५३० मधला ३ म्हणजे झेन थ्री, कोअर सहा. शिवाय ७५२० च्या यंत्रात रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. आठ जीबी घेतली तर शेवटपर्यंत आठच, ‘नंतर वाढवू’ हा विचारच सोडून द्यायचा. स्टिकरवर मात्र दोन्हीकडे ‘रायझन फाइव्ह’.

२०२३ मध्ये इंटेलनं नावातला ‘आय’ काढून टाकला. आता ‘कोअर फाइव्ह’ आणि ‘कोअर अल्ट्रा फाइव्ह’ असे दोन वेगळे वर्ग आहेत, आणि बोलताना ‘अल्ट्रा’ हमखास गळतं. त्यातच एआयची भर. ‘एआय पीसी’ हे स्टिकर सध्या सरसकट दिसतं. ‘कोपायलट प्लस पीसी’ ही मायक्रोसॉफ्टची वेगळी श्रेणी आहे आणि तिला किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि एआयच्या कामाचा ठरावीक ताकदीचा भाग लागतो. कीबोर्डवर कोपायलटचं बटण आहे एवढ्यावरून यंत्र त्या श्रेणीत बसत नाही. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यातल्या कशासाठीही जादा पैसे मोजायची गरज मला दिसत नाही. तेच पैसे रॅम आठवरून सोळा करण्यात घाला.

सॉफ्टवेअरच्या नावांचा त्रास वेगळ्या प्रकारचा. ‘ऑफिस फ्री आहे’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. त्याचे दोन अर्थ असू शकतात. ‘होम अँड स्टुडंट’ असं नाव आणि पुढे साल असेल, तर ती एकदाच घेतलेली प्रत. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ असेल तर ती वर्गणी, बहुधा एका वर्षाची. मुदत संपली की फाइल उघडते पण लिहिता येत नाही, आणि ते कळतं नेमकं प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायच्या आठवड्यात. २०२५ मध्ये तर त्या ॲपचं नावही ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट’ झालं आणि माझ्याकडे ‘सर, ऑफिस उडालं’ अशी तक्रार घेऊन मुलं येऊ लागली. कॉलेजचा ईमेल असेल तर ऑनलाइन ऑफिस फुकट मिळू शकतं, ते आधी कॉलेजात विचारा. लिब्रेऑफिस तर कायमचं मोफत आहे आणि त्यात मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं. अवघ्या काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’च्या वाटेला जाऊ नका.

आता दुकानात उभं राहून काय करायचं ते सांगतो. लॅपटॉप सुरू करायला लावा. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरच्या पूर्ण नावाचा फोटो काढा. मेमरीवर जाऊन रॅम किती आणि स्लॉट किती वापरलेत ते पाहा. यंत्र जुनं असेल तर बॅटरी रिपोर्ट काढून मागा. विंडोजमध्ये एका कमांडवर तो निघतो आणि कुठल्याही दुकानदाराला येतो. त्यात दोन आकडे असतात: बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते. आजचा आकडा मुळाच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच भाव बोला. घाई करू नका. नंबर हातात आला की घरी या, माहीतगाराला दाखवा आणि मग पैसे द्या. दुकानदार यंत्र सुरूच करू देत नसेल, तर दुसरं दुकान गाठा.

बिल पक्कं घ्या. त्यावर नुसतं ‘लॅपटॉप आय सेव्हन’ नको. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी, सिरीयल नंबर, वॉरंटीची मुदत आणि विंडोज व ऑफिस कोणतं, सगळं लिहून मागा. त्या कंडक्टरांच्या बिलावर हे असतं तर त्यांना बोलायला जागा राहिली असती. सांगितलेलं एक आणि दिलेलं दुसरं निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.