सुतारकामात फोमची गादी : कृती आणि दक्षता

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पावसाळा सरताच येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेरगावी जातात. कोयत्याची मूठ खडबडीत असेल तर तळहाताला फोड येतात, जू ओबडधोबड असेल तर बैलाची मान सोलवटते. लाकडाचे घासकाम हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, तो असा रोजीरोटीशी निगडित आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. विजेवर चालणारी घासयंत्रे आता लहान कार्यशाळांतूनही दिसू लागली आहेत.

गादी कशासाठी?

यंत्राची मूळ तबकडी कठीण व सपाट असते. गोलाईदार लाकडावर ती उंचवट्यालाच टेकते आणि तेथे चपटे डाग पाडते. तबकडी व पॉलिश पेपर यांच्यामध्ये फोमची गादी बसविल्यास दाब सर्वत्र विभागला जातो व कागद वळणाबरोबर वळतो. सपाट फळीसाठी मात्र गादी वापरू नये. कडा गोल होतात.

बनविण्याची रीत

चपलांच्या तळव्यासाठी मिळणारा सुमारे १० मिलिमीटर जाडीचा घट्ट फोम घ्यावा. गादी-उशीचा फोम लवकर फाटतो. १२५ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कंपासाने आखून धारदार पात्याने कापावे. एका बाजूस व्हेल्क्रोची मऊ पट्टी व दुसऱ्या बाजूस आकड्यांची पट्टी चिकटवावी. मऊ बाजू यंत्राच्या तबकडीवर बसते, आकड्यांची बाजू पॉलिश पेपर धरते. पट्ट्या शेजारी-शेजारी लावाव्यात, एकमेकींवर चढू देऊ नयेत.

रबरी चिकटद्रव्याचा पातळ थर दोन्ही पृष्ठभागांना लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे, मग घट्ट दाबावे व २४ तास वजनाखाली ठेवावे. हे द्रव्य ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. शेवटी तबकडीवरील धूळछिद्रांशी जुळणारी छिद्रे पाडावीत. उरलेला तुकडा टाकून न देता मूठ हाताने घासताना पॉलिश पेपरखाली धरावा.

घ्यावयाची दक्षता

ही यंत्रे मिनिटाला सुमारे १०,००० ते १२,००० आवर्तने करतात. वर्तुळ थोडे जरी वाकडे असेल तर यंत्र थरथरते; अशी गादी वापरू नये. गादी बसविताना वीजजोडणी काढावी आणि यंत्र लाकडावर टेकवूनच सुरू करावे. जोर देऊ नये, कारण उष्णतेने फोम मऊ पडतो व पट्टी सुटते. लोखंड घासण्याच्या ग्राइंडरवर ही गादी कधीही लावू नये.

लाकडाची भुकटी कर्करोगास कारणीभूत ठरते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिला. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा हवाच.

शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी फोमचा हातठोकळा करून घ्यावा, तर ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील सुतारांपर्यंत योजनेची माहिती व दक्षतेचे हे नियम एकाच वेळी पोहोचवावेत. अवजार हाती येण्याबरोबरच ते सुरक्षितपणे हाताळण्याचे ज्ञानही कारागिराला मिळाले, तरच साहाय्य सार्थकी लागेल.